मदत हवी आहे: पद्मिनीला 14 इंची अलॉय व्हील, ऑफसेट (ईटी) किती घेऊ?

माझी प्रीमियर पद्मिनी, पुढे डिस्क ब्रेक बसवलेत आणि स्प्रिंग कापून गाडी थोडी खाली घेतलीय. चाकाला चार बोल्ट, शेजारशेजारच्या दोन भोकांचं सेंटर टू सेंटर अंतर 69.3 मिमी आलं, म्हणजे पीसीडी (बोल्टच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) 98 मिमी. बाजारात जिकडे बघावं तिकडे 100 वाले, आणि दुकानदार म्हणतो "दोन मिमीने काय होतंय, आवळलं की बसतं". मला नाही पटत, बोल्ट तिरका बसून ढिला झाला तर?

मित्राचं 6जे (रिम 6 इंच रुंद), ईटी 38 चं (ईटी म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून बसायच्या बाजूपर्यंतचं अंतर मिमीत, जास्त असेल तितकं चाक आत) व्हील नुसतं लावून पाहिलं (98 पीसीडीचंच), ब्रेकच्या कॅलिपरला अडत नाही, पण मागे आतल्या बाजूला पाट्याच्या स्प्रिंगपाशी जेमतेम बोट जातं आणि पुढे स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर सस्पेन्शन आर्मला घासतो. 10 मिमी स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती) टाकला तर खड्ड्यात मडगार्डची कड टायरला लागते, तीही मागे दोघं बसल्यावरच.

मडगार्ड कापायचं नाही, ओरिजिनल पत्रा आहे. टायर 175/70 आर14 धरलाय कारण जुन्या 5.20-14 च्या उंचीला जवळ आहे, स्पीडोमीटर फार चुकणार नाही. बजेट चारही मिळून 25 हजार, टायर वेगळे.

खाली घेतलेल्या पद्मिनीवर कुणी 5.5जे वापरलंय का, ईटी किती होता आणि मागे चार जण बसवून घासलं का?