मदत हवी आहे : सवलतीच्या दुकानातील ठळक नक्षीच्या डिझायनर वस्तू वर्षानुवर्षे आवडत राहतात का?

नमस्कार. न्यू जर्सीतील नव्या घराच्या दिवाणखान्यासाठी मोठ्या, भडक नक्षीच्या उशा, एक पांघरूण आणि बशांचा संच सवलतीच्या दुकानातून घ्यावा का, याविषयी मला आपले प्रामाणिक मत हवे आहे.

अशा वस्तूंविषयी वाचल्यावर माझा गोंधळ वाढला आहे. टार्गेट या सवलतीच्या दुकानांच्या अमेरिकी साखळीने १९९९ मध्ये वास्तुविशारद मायकल ग्रेव्ह्ज यांच्याकडून स्वयंपाकघरातील वस्तू घडवून घेतल्या, २०११ मध्ये इटलीच्या मिसोनी या फॅशन कंपनीच्या, आपल्या करवतकाठाची आठवण करून देणाऱ्या रंगीत पट्ट्यांच्या सुमारे ४०० वस्तू आणल्या आणि २०१६ मध्ये फिनलंडच्या मारिमेक्को या छापील कापडांच्या कंपनीशी हातमिळवणी केली. मारिमेक्कोसाठी माइया इसोला यांनी १९६४ मध्ये रेखाटलेले खसखशीचे फूल आजही छापले जाते आणि मला ते मुळीच शिळे वाटत नाही. म्हणजे नक्षी ठळक असली की ती लवकर जुनी होते, हे मला पटत नाही. माझी शंका वेगळी आहे : नक्षी टिकली, तरी स्वस्त कापडावरील तिचे रंग धुण्यात टिकतात का, आणि मोजकेच दिवस विक्रीला असलेल्या संचातील एखादी बशी फुटल्यास तिची जोड कुठे मिळते?

ज्यांनी अशा वस्तू पाच-दहा वर्षे वापरल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा. आईने दिलेली लाल-काळी सोलापुरी चादर त्याच खोलीत राहणार आहे, त्यामुळे दोन ठळक नक्ष्या शेजारी शोभतील का, हेही कळवावे.