'रामदास' बोटीच्या दुर्घटनेवर सिनेमा काढायचा तर...

खऱ्या दुर्घटनांवरच्या सिनेमांबद्दल 'सिनेमा म्हणजे माहितीपट नव्हे, थोडं इकडचं तिकडे चालायचंच' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. अणुभट्टीच्या स्फोटावरच्या 'चेर्नोबिल' मालिकेतली उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ बाई रचलेलीच आहे. अनेक शास्त्रज्ञ मिळून ते एक पात्र केलं, आणि शेवटी तसं सांगूनही टाकलं. त्याला माझी हरकत नाही.

पण 'टायटॅनिक'मध्ये मर्डॉक या खऱ्याखुऱ्या अधिकाऱ्याला प्रवाशांवर गोळी झाडताना दाखवलं, तेही ठोस पुरावा नसताना. त्याच्या गावचे लोक भडकले. १९९८ मध्ये स्टुडिओचा माणूस स्कॉटलंडात जाऊन माफी मागून आला. सिनेमात मात्र गोळी आहे तिथेच आहे.

हे मला टोचतं, कारण आम्ही अलिबागजवळच्या रेवसकडचे. १७ जुलै १९४७ ला मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, ६०० हून जास्त माणसं गेली. दिवस गटारी अमावास्येचा. आमची आजी त्या दिवशी घरात मासळी शिजवू देत नसे. सगळी आळी वासाने घमघमायची आणि आमच्याकडे वरणभात! कारण विचारलं की 'गप जेव' एवढंच.

यावर सिनेमा काढा, जरूर काढा. लाटा काय, कॉम्प्युटरवर होतील. फक्त कप्तानाला झिंगलेला दाखवू नका (गटारी म्हटल्यावर मोह होणारच). त्याचीही नातवंडं कुठेतरी असतीलच की. अगदीच दाखवायचा असेल, तर बोटीचं नाव तरी बदला.