भूकंप नेमका किती खोलवरून येतो?

चोपडेकर: काल रात्री मांडणीवरची ताटं खणखणली, आई म्हणे मांजर असेल. पण बातम्यांत कायम "खोली १० किमी" म्हणता, ही खोली कशाची भाऊ?

यावलवाला: खडक जिथं पहिल्यांदा तुटतो ना तिथली. ७० किमीपर्यंत उथळ, ३०० पर्यंत मधला, त्याखाली ७०० पर्यंत खोल. किल्लारी १९९३ चा उथळच होता म्हणून तर एवढी वाट लागली, अन् २०१३ ला रशियाच्या पूर्वेकडच्या ओखोट्स्क समुद्राखाली ८.३ तीव्रतेचा झाला तो ६०० किमी खाली, मॉस्कोपर्यंत जाणवला पण नुकसान फार नाही.

धुळेकर: मंग आपल्याकडं खोल होत नाही का?

यावलवाला: नाही रे, त्याला खाली घुसणारी प्लेट, म्हंजे पृथ्वीच्या कवचाचा मोठा तुकडा, लागते. आपला सातपुड्याचा १९३८ चा पण ४० किमीच्या आसपासचा.

चोपडेकर: म्हंजे मांजर नव्हतंच 😅