मदत हवी आहे: के१३ म्युटंटचा फिटनेस मोजताना तीन फ्लास्कची तीन उत्तरं

धागाकर्ता: कल्चररूम

मलेरियाचा परजीवी फॅल्सिपॅरम याच्या डीडी२ या प्रयोगशाळेतल्या लाइनमध्ये के१३ जनुकाचा सी५८०वाय बदल (आर्टेमिसिनिन औषधाला रोध देणारा) क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने घातला आहे. म्युटंट आणि मूळ लाइन निम्मी-निम्मी मिसळून, औषध न घालता, एकत्र वाढवतोय (२ टक्के हिमॅटोक्रिट म्हणजे तांबड्या पेशींचं प्रमाण, ०.५ टक्के अल्ब्युमॅक्स हा सीरमचा पर्याय). प्रमाण क्यूपीसीआरने (डीएनएची मात्रा मोजणारी चाचणी) मोजतो.

अडचणी दोन. शून्याव्या दिवशीच म्युटंट ६२ टक्के दिसतो. पुढे दोन फ्लास्कमध्ये तो हळूहळू घटतो, तिसऱ्यात मात्र वाढतो. मायकोप्लाझ्मा (कल्चर बिघडवणारा जिवाणू) तपासला आहे, नाही. शिवाय, फिटनेसला (औषधाविना वाढण्याच्या क्षमतेला) खरंच फटका बसत असेल तर औषध थांबवल्यावर रोध आपोआप मागे हटेल असं म्हणता येईल का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: रिंगस्टेज

६२ चं कोडं आधी. तुम्ही स्लाइडवर परजीवी मोजून मिसळलेत आणि पीसीआरने जीनोम मोजलेत. रिंगमध्ये (तांबड्या पेशीत नुकता शिरलेला कोवळा परजीवी) जीनोमची एकच प्रत असते, पिकलेल्या शायझॉण्टमध्ये (पेशी फुटण्याआधीची अवस्था) १६ ते ३२. म्युटंटच्या शंभरात फक्त तीन शायझॉण्ट राहिले, प्रत्येकी २० जीनोम धरा: ९७ अधिक ६० म्हणजे १५७. समोर शुद्ध रिंगचे १००. झाले ६१ टक्के!

के१३ म्युटंटची रिंग अवस्था लांबते, त्यामुळे दोन्ही लाइन एकाच वेळी सिंक (एकाच वयाच्या) केल्या तरी त्यांचं घड्याळ थोडं मागेपुढे होतंच. ७५ टक्के पर्कॉलवर (घनतेनुसार पेशी वेगळ्या करणारं द्रावण) शायझॉण्ट वेगळे काढा, ताज्या पेशींत तीन तास फुटू द्या, मग ५ टक्के सॉर्बिटॉल (रिंग सोडून मोठ्या अवस्था मारतं), ३७ अंशांवर १० मिनिटं. मिसळायचं रिंगमध्ये आणि नमुनाही दर चक्रात (पेशीत शिरण्यापासून ती फुटेपर्यंत) रिंगमध्येच घ्यायचा. वेळापत्रकाच्या सोयीने 'दर सोमवार-गुरुवार' नमुने घेतलेत तर आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो.

प्रमाणित वक्र केलाय का? दोन्ही लाइनचे शुद्ध डीएनए ०, १०, २५, ५०, ७५, ९०, १०० टक्के असे मिसळून चालवा. दोन प्रोबची (एकेक लाइन ओळखणारे डीएनएचे तुकडे) कार्यक्षमता सारखी नसेल तर तिथेच कळेल. सँगर सीक्वेन्सिंगच्या शिखरांची उंची मोजून हे काम करू नये.

प्रतिसाद: जीनोमवाला

वरच्याशी सहमत, पण त्याने तिसरा फ्लास्क सुटत नाही. अशा वेळी 'योगायोग' म्हणून सोडून द्यायचा मोह होतो. पण हिशेब करा: ५ मिलीत २ टक्के हिमॅटोक्रिट म्हणजे साधारण १०० कोटी तांबड्या पेशी. १ टक्का पॅरासायटीमियाला (परजीवी असलेल्या पेशींचं प्रमाण) १ कोटी परजीवी. दसपट पातळ केलं तरी दहा लाख उरतात. एवढ्या गर्दीत नुसत्या नशिबाने प्रमाण हलत नाही.

माझा संशय पीएफएमडीआर१ या जनुकावर. डीडी२ मध्ये या जनुकाच्या एकाहून जास्त प्रती असतात. मेफ्लोक्विन या मलेरियाच्या औषधासमोर त्या कामाच्या, एरवी ओझं. औषधाविना वाढवताना प्रती गळलेला एखादा परजीवी उगवतो आणि भराभर पसरतो. तो म्युटंटच्या बाजूला उगवला तर श्रेय फुकट सी५८०वायला मिळतं.

म्हणून किमान दोन स्वतंत्र क्लोन (एकेका परजीवीपासून वाढवलेले) घ्या. मूळ लाइनही नुसती नको. त्याच क्रिस्परमधून गेलेली, फक्त मूक (प्रथिन न बदलणारा) बदल असलेली लाइन तुलनेला हवी.

आकडेमोड: प्रत्येक चक्राला म्युटंट भागिले मूळ याचा नैसर्गिक लॉग काढा. रेषेचा उतार म्हणजे एस, अर्थात म्युटंटचा दर चक्राचा नफा-तोटा. ५० टक्क्यांवरून १० चक्रांत ३० वर आला तर लॉग उणे ०.८५, म्हणजे दर चक्राला उणे ०.०८५, सुमारे ८ टक्के तोटा. चक्र ४८ तासांचंच आहे असं गृहीत धरू नका. ४४ तासांचं असेल तर २० दिवसांत १० नव्हे, जवळपास ११ चक्रं होतात.

प्रतिसाद: फील्डनोट्स

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध थांबवलं. त्या औषधाला रोध देणारा पीएफसीआरटी जनुकाचा के७६टी बदल १९९२ मध्ये ८५ टक्के होता, २००० मध्ये १३ टक्क्यांवर आला. पण तिथे संवेदनशील परजीवी शिल्लक होते म्हणून ते परतले. जिथे व्हायवॅक्स या दुसऱ्या मलेरिया परजीवीसाठी क्लोरोक्विन चालूच असतं, तिथे फॅल्सिपॅरमवरचा दबाव उठतच नाही.

सी५८०वायचा तोटाही पार्श्वभूमीनुसार बदलतो. अलीकडच्या कंबोडियन लाइनमध्ये तो कमी दिसतो. आणखी एक: के१३ म्युटंट हिमोग्लोबिन कमी गिळतो, पण आरपीएमआय या कल्चरच्या माध्यमात अमिनो आम्लांची रेलचेल असल्याने ती उपासमार झाकली जाते. फ्लास्कमधला तोटा त्यामुळे प्रत्यक्षापेक्षा कमी भरू शकतो. डासातला टप्पा तर यात मोजलाच जात नाही.

कल्चररूम

आभार! जुन्या नमुन्यांचा डीएनए फ्रीझरमध्ये आहे. प्रयोग नव्याने मांडण्याआधी त्यातून काही निघेल?

जीनोमवाला

निघेल. तिन्ही फ्लास्कचा पहिला आणि शेवटचा नमुना घ्या, पीएफएमडीआर१ ची प्रतसंख्या बीटा-ट्युब्युलिन या एकच प्रत असलेल्या जनुकाच्या तुलनेत काढा, प्रत्येकी तीन विहिरी (प्लेटमधले खळगे). फक्त तिसऱ्यात घटलेली दिसली तर तो फ्लास्क उताराच्या गणितातून वगळा, आणि वगळल्याचं कारण लिहून ठेवा.