फिन नव्हती तेव्हा हवाईतली फळी लाटेवर कशी टिकायची?

पुळण
होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या सर्फबोर्डांचे फोटो बघतोय. खाली फिन, म्हणजे शेपटाशी तळाला लावतात ती उभी पट्टी, नाही; तळ जवळपास सपाट. लाटेवर तिरकं जाताना शेपूट घसरत नसे का? लाकूड कुठलं वापरत? आणि फिन कधी आली?

रंधा
आधी दोन प्रकार वेगळे करा. आलाया ही सर्वसामान्यांची फळी: ६ ते १२ फूट लांब, जेमतेम इंच-दीड इंच जाड, पुढून रुंद आणि मागे थोडी निमुळती. ओलो ही अलीईंची, म्हणजे सरदारांची: १४ फुटांच्या पुढे, मध्ये फुगीर, कडांना पातळ, वजन सहज ६०-७० किलो.

ओलोसाठी विलीविली वापरत. हे आपल्या पांगाऱ्याच्या जवळच्या नात्यातलं झाड, लाकूड तितकंच हलकं. आलायाला कोआ (बाभळीच्या गोतातलं) किंवा नीरफणस.

झाड तोडण्याआधी कुमू नावाचा तांबडा मासा बुंध्याशी ठेवून प्रार्थना करायचे, मग तो मुळांच्या खड्ड्यात पुरायचे. दगडी वाकसाने तासून आकार द्यायचा, वाकसाचे घाव प्रवाळाच्या खडबडीत तुकड्याने घासून काढायचे, नंतर दगडाने गुळगुळीत करायचं. कुकुई या झाडाच्या तेलकट बिया जाळून त्यांच्या काजळीने काळा रंग, वरून कुकुईचंच तेल. समुद्रातून आल्यावर फळी उन्हात सुकवायची, खोबरेल चोळायचं, कापडात गुंडाळून घरात टांगायची. लाकूड पाणी पिऊन जड होऊ नये, फुटू नये म्हणून एवढी निगा.

भरती
घसरण्याबद्दल. आलायाची पातळ कडाच फिनचं काम करते. वजन लाटेच्या बाजूच्या कडेवर टाकलं की ती पाण्याच्या भिंतीत रुतते आणि फळी तिरकी धावते. हवाईत या तिरक्या धावेला लाला म्हणतात. वजन मध्यावर राहिलं की कडा सुटते आणि फळी आडवी फिरते. नवशिक्यांचं इथेच चुकतं. ओलो मात्र जाड असल्यामुळे तरंगते, न फुटलेली लाट लांबूनच पकडते, पण वळत नाही. म्हणून ती हळूहळू फुगत येणाऱ्या लाटेला बरी. उभी चढून कोसळणाऱ्या लाटेला आलाया.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होनोलुलूच्या वाइकीकी किनाऱ्यावर रेडवूड लाकडाच्या जाड, मागून रुंद फळ्या आल्या. कड रुतेना, मग मागचा पाय पाण्यात घालून वळवायचे. चढ्या लाटेवर शेपूट निसटायचंच. १९३७ साली जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ या तिथल्या सर्फरांनी शेपटाकडची रुंदी कुऱ्हाडीने उतरवली आणि तळाला इंग्रजी व्हीसारखा उतार दिला. शेपूट पाण्यात बसू लागलं. याच फळ्यांना हॉट कर्ल म्हणतात, त्याही फिनशिवायच.

रंधा
फिन त्याआधी दोन वर्षं, १९३५ मध्ये. टॉम ब्लेक या अमेरिकी सर्फरने मोडक्या स्पीडबोटीच्या तळाची पट्टी, फूटभर लांब आणि चारेक इंच खोल, फळीखाली बसवली. लोक इथे एक गोष्ट विसरतात: ब्लेकनेच आधी फळी आतून पोकळ केली होती, १९३२ मध्ये तिचं पेटंटही मिळालं. पोकळ फळी हलकी, पाण्याच्या वर तरंगणारी, म्हणून आणखी घसरणारी. त्या अडचणीवरच फिन निघाली. पोकळ फळीचं दुसरं दुखणं म्हणजे सांध्यांतून पाणी शिरणं. त्यासाठी बूच ठेवत, किनाऱ्यावर आलं की ते काढून पाणी ओतायचं.

पुळण
मग आलाया पांगाऱ्याची करता येईल का?

भरती
आलायाला नको. पांगारा मऊ आणि सच्छिद्र आहे, इंचभर जाडीत कडेला चेपतो आणि पाणी ओढतो. जाड, ओलोसारख्या फळीला विचार करता येईल, तेही पूर्ण सुकवून आणि तेल मुरवून. आज आलाया करणारे बहुतेक जण पौलोनिया या झाडाचं लाकूड घेतात: तेही हलकं, पण खाऱ्या पाण्यात कमी फुगतं. लाकडाच्या लांब पट्ट्या कडेला कड चिकटवून रुंदी साधायची आणि जवस तेलाचे हात द्यायचे. टोकाकडे चीर पडते, तिथे आडवा तुकडा आधीच बसवा.