टँग माशावरचे ठिपके आपोआप गेले, तरी औषध द्यायचं का?

प्रश्न: ४०० लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, कोरल असलेली). टँगच्या परांवर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले आणि तीन दिवसांत गेले. क्लाउनफिश ठणठणीत आहेत. टाकीतच तांबं (तांब्याचं औषध) घालू का?

उत्तर: औषध हवंच, पण त्या टाकीत नाही! कोरल, कोळंबी, गोगलगायी मरतील आणि लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) तांबं शोषून घेईल. हा मरीन इच रोग. ठिपके गेले म्हणजे त्याचा परजीवी मासा सोडून वाळूत, दगडांवर पुटी करून बसलाय. एकेका पुटीतून शेकडो पिल्लं सुटतात, म्हणून पुढची लाट जड जाते. धडधाकट दिसणाऱ्यांसकट सगळे मासे वेगळ्या टाकीत हलवा. तिथे फक्त हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, वाळू-दगड नको. किलेटेड कॉपर (पाण्यात टिकून राहील असं बांधलेलं तांबं) दोन-तीन दिवसांत चढवत २ ते २.५ पीपीएमवर (लिटरला मिलिग्रॅम) न्या आणि सलग ३० दिवस ठेवा. पातळी घसरली तर पहिल्या दिवसापासून मोजा. मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवा, म्हणजे तिथला परजीवी माशाअभावी मरेल.

उत्तर: औषधाच्या टाकीचं पाणी बदलताना नव्या पाण्यातही तांबं आधी मिसळा. १० लिटरला २.२५ पीपीएमसाठी २२.५ मिलिग्रॅम तांबं. अमोनिया रोज तपासा. तो वाढला तर पाणी बदला. अमोनिया बांधणारं कंडिशनर घालू नका, त्यामुळे तांबं जास्त विषारी होऊ शकतं.

उत्तर: तांबं नको असेल तर दर ७२ तासांनी कोरड्या, स्वच्छ टाकीत मासे हलवा, असं चार वेळा. जाळी आणि स्पंजही दुसरे. मात्र अंगावर पिठासारखी बारीक भुकटी आणि धाप दिसली तर ते व्हेल्वेट, म्हणजे वेगळ्याच परजीवीचा रोग. तिथे ही पद्धत पुरत नाही, त्याच दिवशी मासे तांब्याचं औषध घातलेल्या टाकीत हलवा.