स्टूल टेस्ट निगेटिव्ह आली तरी लिव्हर फ्लूक असू शकतो

एकाने विचारलंय की स्टूल टेस्ट दोनदा निगेटिव्ह आली, अल्बेंडाझोल हे जंताचं औषधही घेऊन झालं, मग यकृतात लिव्हर फ्लूक हा चपटा कृमी कसा असेल? असू शकतो, आणि आमच्या घरीच असं झालंय.

इंदूरला माझ्या वहिनीला दोन महिने ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं. आधी पित्ताचे खडे म्हणाले, मग यकृतातला गळू. सीबीसी या रक्ततपासणीत इओसिनोफिल (कृमी झाल्यावर वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) खूप वाढले होते, त्या आकड्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. नव्या डॉक्टरांनी तिथेच बोट ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कच्चे शिंगाडे खाता का?" वहिनी दरवर्षी तळ्याकाठच्या गाडीवरून घेऊन, तिथेच दातांनी सोलून खायची.

कच्च्या शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींवरून पोटात जाणाऱ्या फॅसिओला या लिव्हर फ्लूकची पिल्लं आधी यकृत पोखरत जातात. अंडी विष्ठेत दिसायला तीन-चार महिने लागतात, म्हणून सुरुवातीला रक्तातली अँटिबॉडी टेस्ट आणि सीटी स्कॅनच कामाचे. उलट, जनावराची कलेजी खाल्ली असेल तर आजार नसतानाही अंडी दिसू शकतात. कलेजी काही दिवस बंद ठेवून पुन्हा तपासावं.

औषध ट्रायक्लाबेंडाझोल, किलोला 10 मिलिग्रॅम, जेवणासोबत. एरवी फ्लूकवर चालणारं प्राझिक्वांटेल इथे उपयोगी पडत नाही. जनावरांसाठी मिळणारं हेच औषध मात्र कृपा करून स्वतःहून घेऊ नका. गोळ्यांनंतर मेलेला कृमी पित्तनलिकेत अडकून पोटात कळ येऊ शकते, वहिनीला आली होती, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या.

शिंगाडे आता आम्ही उकडूनच खातो.